'सी'चं काय करू? : घरी बनवलेल्या भाषेचं शुद्धलेखन

धोटा | बुधवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सात वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचे कागद बघतो. टॉवेलच्या कडेला बोटभर पट्टी शिवलेली असते. 'शंभर टक्के सुती, इतक्या गरम पाण्यात धुवा' हे तिच्यावर पाच-सहा भाषांत छापलेलं असतं. ती पट्टी तपासायचं काम माझ्याकडे. कापसाला फ्रेंच लोक कोतों म्हणतात, इटालियन कोतोने, स्पॅनिश आल्गोदोन. तिन्ही मूळ अरबी 'कुत्न'वरून आलेले. स्पॅनिशवाल्यांनी तर अरबीचं 'अल'सुद्धा सोबत उचललं. आणि जर्मन? बाउमवोल्ल. म्हणजे झाडाची लोकर! हे कळलं त्या दिवसापासून मला रोग लागलाय.

रोग असा, की स्वतःची एक भाषा बनवायची. निम्मी लॅटिनच्या लेकींकडून घ्यायची, म्हणजे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश. निम्मी जर्मनच्या भावकीतून, म्हणजे जर्मन, डच आणि इंग्रजीचा जुना भाग. घर, शेत, अंग, हवापाणी यांचे शब्द जर्मन बाजूचे. शाळा, कायदा, बाजार यांचे लॅटिन बाजूचे. जुन्या खतावणीत लिहितो. आठशेच्या आसपास शब्द झालेत. भाषेला नाव अजून नाही.

एक वाक्य देतो: 'इक हाब द्रेइ लिब्रो इन दे हाउस.' माझ्याकडे घरात तीन पुस्तकं आहेत.

इथपर्यंत मजेत चाललं होतं. आता लिपी रोमन घ्यायची तर स्पेलिंगचे नियम लागणार, आणि तिथं गाडी अडलीय. ठरलेलं सांगतो. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. डब्ल्यू काढून टाकला, व्ही म्हणजे व. (जर्मन लोक व्ही लिहून फ म्हणतात, तो नाद सोडला.) जे म्हणजे य. एच लिहिला तर उच्चारायचाच, फ्रेंचांसारखा शोभेला ठेवायचा नाही.

अडलंय ते सी या अक्षरावर. लॅटिनमधला शंभर 'केंतुम'. इटालियन चेंतो म्हणतो, फ्रेंच सां, स्पॅनिश सिएंतो (माद्रिदकडे थिएंतो). चौघेही लिहितात सीनंच. मी काय वाचू? आणि क साठी के ठेवू की सी? दोन्ही ठेवले तर कुठं कोणता?

आघाताचा, म्हणजे शब्दात जोर कुठं द्यायचा, तो प्रश्न वेगळा आहे, तो नंतर काढतो.

शेंगाचटणी | रात्री ११.०२

काय बे, रोमान्स आणि जर्मॅनिक मिसळून भाषा करलालास? ती झालीय की आधीच. तिला इंग्रजी म्हणतात. स्पेलिंगचा घोळ पण तयार मिळतो, वेगळा करावा लागत नाही.

धोटा | रात्री ११.१०

शेंगाचटणी, तेच नको म्हणून तर हा उद्योग चाललाय ना राव.

अनुस्वार | रात्री ११.५५

शेंगाचटणी चेष्टेत बोलले, पण खरं बोलले. इंग्रजीचा सी बिघडला तोच मुळी ही मिसळण झाली म्हणून. १०६६ साली फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंडात आले. त्यानंतर लिहिणारे हात फ्रेंच वळणाचे झाले. जुन्या इंग्रजीत राणीचं स्पेलिंग सी-डब्ल्यूनं सुरू व्हायचं, यांनी तिथं क्यू-यू घातला. घराला 'हूस' म्हणायचे आणि तसंच लिहायचे, यांनी ओ-यू लिहिलं.

सगळ्यात गंमत आइस आणि माइस या शब्दांची. बर्फ आणि उंदीर, दोन्ही अस्सल जर्मॅनिक. जुन्या इंग्रजीत दोन्हींत साधा एस होता. पण फ्रेंच सवयीत ई-आयच्या आधीचा सी म्हणजे स. त्यामुळे या दोन बिचाऱ्यांना सी चिकटला. एकटा उंदीर अजून एसनं लिहितात, कळप झाला की सीनं! लॅटिनशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही लॅटिनची सवय लागली ती अशी.

म्हणून धोटा, आधी एक ठरवा. वाचणाऱ्याच्या डोळ्याला शब्द ओळखू यायला हवा की कानाला? दोन्ही एकदम मिळत नाही. १९५१ साली इंटरलिंग्वा आली, तीही तुमच्यासारखीच बनवलेली भाषा. न्यूयॉर्कच्या एका संस्थेनं २७ वर्षं खपून तिचा कोश केला, काम शेवटाला नेलं अलेक्झांडर गोडे यांनी. त्यांनी डोळा निवडला. सी ठेवला. ई, आय, वायच्या आधी त्स किंवा स, बाकी ठिकाणी क. टी-आय-ओ आलं की टीचाही त्स, म्हणून 'नात्सिओन'. पी-एच ठेवलं, ग्रीक शब्दांचा सी-एच ठेवला आणि त्याचा उच्चार क. कारण त्यांचं म्हणणंच असं, की शिकलेल्या युरोपीय माणसाला पान समोर धरल्याबरोबर अर्थ लागला पाहिजे.

माझं मत डोळ्याकडे. 'केंतो' के घालून लिहिलंत तर इटालियन माणूस ओळखणारही नाही.

जर्मनताई | गुरुवार, सकाळी ७.२०

पुण्यात जर्मन शिकवते. माहेर सोलापूर, टिळक चौकातलं. धागा बघून राहवलं नाही, वर्गाला उशीर होणार आज.

धोटा, तुम्ही तळघराला काय म्हणता? जर्मनमध्ये 'केलर', के लिहून. हा शब्द जर्मन वाटतो, पण आहे लॅटिन, 'केलारिउम'. रोमन सैन्य ऱ्हाइनकाठी होतं तेव्हा उचललेला. त्या वेळी लॅटिनचा सी ई-आयच्या आधीसुद्धा खणखणीत क होता, म्हणून जर्मनांनी क ऐकला आणि क ठेवला. कायझर (सम्राट) हा शब्द बघा: सीझरचा खरा उच्चार 'काएसार' होता, त्याचा पुरावा जर्मन लोकांनी जपला, इटालियनांनी नाही. चेरी म्हणजे किर्श, पेटी म्हणजे किस्ट, तीच गोष्ट.

मग काही शतकांनी तोच मूळ शब्द मठांमधून परत आला. तोवर पुस्तकी लॅटिन म्हणणाऱ्यांच्या जिभेवर तो क घसरून त्स झाला होता. म्हणून साधूची खोली किंवा तुरुंगातली कोठडी म्हणजे 'त्सेल', झेडनं लिहितात. केलर आणि त्सेल, एकाच आजीची नातवंडं. एक सकाळी जन्मलं, दुसरं संध्याकाळी, इतकाच फरक.

तर तुमच्या भाषेत हा प्रश्न मुळात अक्षराचा नाही. शब्द केव्हा घेतला त्याचा आहे. जर्मन बाजूनं आलेला जुना शब्द क घेऊन येतो, लॅटिन बाजूनं आलेला स किंवा च घेऊन. दोघांना सी देऊन नियमानं बांधायला गेलात तर केलरचा सेलर होईल. (इंग्रजीत झालाच आहे, नॉर्मनांच्या कृपेनं.)

सार्डिनिया बेटावर मात्र अजून 'केंतु' म्हणतात, कसोबसा वाचलेला जुना क. म्हणजे अनुस्वार यांच्या इटालियन माणसानं बोटीत बसून बेटावर जायचं, तिथं त्याला कळेल.

धोटा | सकाळी ९.०५

ताई, हे वाचून चहा गार झाला. केलर आणि त्सेल दोन्ही माझ्या खतावणीत आहेत! दोन पानांवर, एकमेकांची ओळख नसताना.

अशोकचौक | दुपारी १.३०

मला युरोपातलं काही कळत नाही. पण ई-आय आलं की उच्चार बदलतो, हे वाचून वाटलं, हे तर आपल्याकडे पण आहे की.

आमच्या घरात तेलुगू. आजोबा मागावर, वडील पॉवरलूमवर. मराठी मी गल्लीत आणि शाळेत शिकलो. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. लिहितो च, म्हणतो त्सालु. 'चेप्पु' म्हणजे सांग, तिथं मात्र च हा चच. पुढं ए-इ असेल तर च, आ-उ-ओ असेल तर त्स. कुणी शिकवलं नाही, जिभेलाच कळतं. मराठीत हेच: 'घराचा' म्हणताना दातावरचा च, 'घराची' म्हणताना टाळूवरचा. 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा. अक्षर तेच, झ मात्र दोन.

म्हणजे मराठी-तेलुगूत जे अजून रोज चालू आहे तेच लॅटिनमध्ये कधीतरी सुरू झालं असणार. तिकडं क घसरला, इकडं च घसरतो.

शाळेत एका बाईंनी मला 'चमचा' नीट म्हणेपर्यंत उभं केलं होतं. मी दोन्ही च सारखे म्हणत होतो. त्यात पहिला टाळूचा आणि दुसरा दाताचा, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं, बाईंनी पण सांगितलं नाही, नुसतं 'परत म्हण'. आता कळतंय, इंग्रजी 'सर्कस'मध्ये सी दोनदा येतो, एकदा स, एकदा क. सर्कस म्हणजे इंग्रजीचा चमचा.

शेंगाचटणी | दुपारी १.३४

'सर्कस म्हणजे इंग्रजीचा चमचा' 😂 आज एवढ्यावरच जेवण झालं.

उपान्त्य | दुपारी ३.१५

अशोकचौक, सुंदर. थोडी भर घालतो. मराठीत हा नियम सगळीकडे पाळला जात नाही, बाहेरून आलेले बरेच शब्द तर आपापला च घेऊन आले. चार हा आकडा टाळूचा, चारा दाताचा. जग म्हणजे दुनिया, टाळूचा ज, जगणे, दाताचा. 'जगात जगणे' म्हणताना एका श्वासात दोन ज होतात. लिहिताना एकच. नुक्ता देऊन दाताचा च वेगळा दाखवा, असं सांगणारे होते, पण रूढ काही झालं नाही. कारण मराठी माणसाला गरजच पडत नाही, शब्द ओळखला की उच्चार आपोआप येतो. म्हणजे च-ज च्या बाबतीत मराठीनं डोळा निवडला. अनुस्वार यांच्या बाजूनं एक मत.

पण थांबा. आता सोलापूर लिहा. पू दीर्घ. 'सोलापुरात' लिहा. पु ऱ्हस्व. का? कारण म्हणताना तो आखूड होतो. गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला. इथं मराठीनं कान निवडला, शब्दाचा चेहरा बदलला तरी चालेल म्हणाली. महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मान्य केलेल्या चौदा नियमांत हे सगळं बसवलं (१९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा). त्याच नियमांत शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा म्हणून कवी, गुरू. पण 'कविता'त परत ऱ्हस्व.

तेव्हा धोटा, जी भाषा आपण रोज लिहितो तिनं एका बाजूला डोळा आणि दुसऱ्या बाजूला कान धरलाय आणि तिला शतकं झाली. तुमच्यावर एकाच तत्त्वाला चिकटायची सक्ती कुणी केली नाही.

काळाकोट | संध्याकाळी ६.४०

सोलापूरचा विषय निघालाच आहे तर, आमच्या व्यवसायात हे गाव अजून 'शोलापूर' आहे. १९५० साली केंद्र सरकारनं इथली कापडगिरणी ताब्यात घेण्याचा कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयात चिरंजितलाल चौधरी यांची याचिका गाजली. गिरणीच्या नावात 'शोलापूर', एस-एच घालून. घटनेचा चौदावा अनुच्छेद शिकणारा देशातला प्रत्येक विद्यार्थी ते वाचतो. साहेबानं लिहिलेला एच गावाच्या पाटीवरून गेला, निकालपत्रातून जायचा नाही.

आमचे एक जुने वकील मजेत म्हणायचे, गावात स आणि कोर्टात श.

अशोकचौक | संध्याकाळी ६.५८

कानडी शेजारी सोल्लापूर म्हणतात, ल दोन. सिद्धरामेश्वरांच्या काळातलं नाव सोन्नलगी. तेव्हा एच कुठूनच येत नाही.

जुनेखिळे | रात्री ९.३०

मी छापखान्यात खिळे जुळवायचो. शिशाचे खिळे, केस, स्टिक, गॅली, सगळं हातानं. ऑफसेट आल्यावर ते गेलं. डोळे तेवढे राहिलेत.

धोट्याला एक सांगतो. नवीन अक्षर काढू नकोस, चिन्हं डोक्यावर चढवू नकोस. एस्परांतो या बनवलेल्या भाषेचं काय झालं वाच. झामेनहोफ डॉक्टर माणूस, डोळ्याचा. १८८७ साली वॉर्सात पुस्तिका काढली. एक अक्षर एक उच्चार, लिहिलं तसं वाचायचं, अठ्ठावीस अक्षरं. शंभर टक्के शिस्त. पण च, श, ज असल्या आवाजांसाठी त्यानं सी, एस, जीच्या डोक्यावर टोपी घातली. पाच टोप्या आणि यूवर एक वाटी. आता सांग, कुठल्या गावच्या छापखान्यात टोपीवाला सी असणार? त्यानं मग स्वतःच मुभा दिली, की खिळा नसेल तर शेजारी एच लावा. म्हणजे नियमाला पळवाट पहिल्या दिवसापासून. १९०७ साली सुधारणावाले वेगळे झाले, त्यांनी इडो काढली, तिच्यात टोप्याच नाहीत. सी-एच म्हणजे च, एस-एच म्हणजे श, साधं काम.

आमच्याकडे असंच 'दऱ्या' आणि 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र. तो आडवा र, पापणीसारखा. केसमध्ये त्याचे खिळे मोजके, एका पानात 'ऱ्या' जास्त आले की संपायचे. मग काय, रफार टाकून पुढं. त्या पानावर डोंगरात समुद्र.

आणि ते बियालिस्तोक, झामेनहोफचं गाव. रशियन, पोलिश, जर्मन, यिद्दिश, चार भाषांचे लोक एका बाजारात, आणि भांडणं. म्हणून त्याला वाटलं सगळ्यांची एक भाषा हवी. आपल्या कन्ना चौकात उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, कानडी, दखनी चारी ऐकू येतात, पण कुणाला भाषा बनवावीशी वाटली नाही. धोट्याला वाटली, ती टॉवेलमुळं.

धोटा | रात्री १०.१५

काका, टोपी बाद. वचन.

सी-एचबद्दल मी पण हाच विचार करत होतो, पण मोजलं तर फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे श, स्पॅनिशमध्ये च, इटालियनमध्ये क, जर्मनमध्ये घशातला ख. एकाच पट्टीवर चार भाषा छापलेल्या असल्या की चारही आवाज येतात. माझ्या सायबांनी मागं हॉटेलात 'ब्रुशेटा' मागवला, वेटर पण ब्रुशेटा म्हणाला, सगळे ब्रुशेटा म्हणतात. आहे तो 'ब्रुस्केत्ता'. इटालियनमध्ये सी ई-आयच्या आधी मऊ होतो, त्याला कडक ठेवायला मध्ये एच घालतात. म्हणजे इटालियन एच हा पाचर आहे, अक्षर नाही.

अनुस्वार | रात्री १०.५०

मग येस्पर्सेन बघा. ओटो येस्पर्सेन, डॅनिश, इंग्रजी व्याकरणातला मोठा माणूस. इंग्रजी स्वरांच्या मोठ्या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' हे नाव त्यानंच दिलं. १९०७ च्या वेळी तो इडोच्या बाजूला होता, मग १९२८ साली स्वतःची नोविआल काढली. धोटा, तुमच्या उद्योगाचा खरा आजोबा तोच. शब्द बहुतेक लॅटिन बाजूचे, पण क्रियापदांची घडण इंग्रजी-डॅनिश वळणाची, सहायक क्रियापदं लावून काळ दाखवायचे. आणि सी-एच ही जोडी सोडली तर त्यानं सी नावाचं अक्षरच हाकलून दिलं. झेडही दिला. क साठी के, स साठी एस, संपलं.

त्याच्या आधी सहा वर्षं, १९२२ मध्ये, तालिनच्या एडगर दे वाल यांनी ऑक्सिडेंटाल काढली, तिच्यात सी ठेवलाय, ई-आयच्या आधी त्स. वाचायला ती इतकी ओळखीची, की नवीन माणसाला आधी फ्रेंच वाटते, मग इटालियन. या दोघांचा वाद म्हणजे आपलाच वाद: ओळखीचं दिसणं मोठं की सोपं लिहिणं मोठं.

आणि तिसरा रस्ता. लिंग्वा फ्रांका नोव्हामध्ये (हीही अशीच, १९९८ साली इंटरनेटवर आलेली) के नाहीच. सी म्हणजे कायम क. काहीही पुढं येवो.

धोटा | शुक्रवार, रात्री ९.००

काल रात्री घरी प्रयोग केला. भाची आठवीत, सेमी-इंग्रजी. तिला बारा शब्द रोमन लिपीत लिहून दिले आणि नुसते वाच म्हणालो. के असलेला प्रत्येक शब्द बरोबर. सी असलेले सात, त्यातले चार तिनं इंग्रजीसारखे वाचले, दोन अडखळत, आणि एका ठिकाणी मलाच विचारलं, 'मामा, इथं तुला काय पाहिजे?'

पण एक वेगळीच गोष्ट निघाली. ती 'केंटो' वाचते. मी 'केंतो' म्हणतो. टी हे अक्षर आपण इंग्रजीतून शिकलो म्हणून ट. पण फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश लोकांचा टी दातावरचा, आपला त. जर्मन-इंग्रजांचा मागं सरकलेला, आपल्या कानाला ट. म्हणजे माझ्या भाषेत केंतो, नात्सिओन त चे आणि वाटर, हांट, टाग ट चे! रोमन लिपीत दोघांना एकच टी. देवनागरीत लिहिलं तर कुठला शब्द कुठल्या बाजूचा ते आपोआप दिसतं.

हे कुणा युरोपीय माणसाला समजवून सांगता येईल का, माहीत नाही. माझ्या भाचीला लगेच कळलं.

जर्मनताई | रात्री ९.४०

हे भारी आहे. जर्मन शिकवताना मी नेमकं हेच घासून घेते, मुलं एक तर पूर्ण ट म्हणतात नाहीतर त, आणि हवा असतो दोन्हींच्या मधला. पण तुमच्या भाषेचे नियम तुम्ही करणार, तुम्ही त आणि ट वेगळे ठेवा म्हणालात तर कोण अडवणार!

आता आघाताचं बोला, तो राहिला.

उपान्त्य | रात्री १०.०५

माझ्या नावाचा विषय, मीच बोलतो.

जर्मन बाजू शब्दाच्या सुरुवातीवर जोर देते: वासर (पाणी), केलर, आर्बाइट, पहिल्या अक्षरावर ठोका. लॅटिन बाजू शेवटाकडे. एस्परांतोत सोपं, कायम उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर. इंटरलिंग्वा आणि ऑक्सिडेंटालमध्ये साधारण असं, की शेवटच्या व्यंजनाच्या आधीचा स्वर. 'नात्सिओन'ला हा दुसरा नियम लावा, ओ वर जोर, झकास. 'वासर'ला लावा, जोर शेवटी, आणि जर्मन माणूस हसेल. उपान्त्य लावा तर 'वासर' बरोबर आणि 'नात्सिओन' चुकलं. एकाच नियमात दोन्ही बसत नाहीत. निम्मी-निम्मी भाषा केली की असंच होणार.

यातून एकच वाट मला दिसते. लॅटिन बाजूचे शब्द फ्रेंच-स्पॅनिश रूपात घेऊ नका, इटालियन घ्या. इटालियन शब्द स्वरावर संपतो. 'नात्सिओने'. आता शेवटून दुसरं ओ. 'लिब्रो', 'केंतो' पण बसले. वासर, केलर, आर्बाइट, सगळे उपान्त्य. एक नियम, अपवाद कमी.

धोटा | रात्री १०.३०

उपान्त्य सर, दोन वर्षं अडलेलं पंचवीस मिनिटांत काढलंत. खतावणीतले दोनशे शब्द बदलावे लागतील, पण बदलतो.

शेंगाचटणी | रात्री १०.३३

इटालियन घेतलंस तर जोडाक्षरांचं काय करणार? पेना म्हणजे दुःख, पेन्ना म्हणजे पेन. ब्रुस्केत्तात पण दोन टी.

(मला पण येतंय बे थोडं थोडं. नुसती चेष्टा करत नसतो.)

अशोकचौक | रात्री १०.४१

ते आपल्याला सोपं आहे. अप्पा, अक्का, पका-पक्का, कला-कल्ला. इंग्रज माणसाला दोन टी दिसले तरी एकच ऐकू येतो.

जर्मनताई | रात्री १०.५०

जर्मनला पण. जर्मनमध्ये जोड व्यंजन लिहिलं की आवाज जोड होत नाही, आधीचा स्वर आखूड होतो, एवढंच. केलरमध्ये एल दोन आहेत, पण कुणी 'केल्लर' म्हणत नाही. तेव्हा धोटा, इथंही दोन बाजू भांडणार. एकाच खुणेचे दोन अर्थ.

धोटा | शनिवार, दुपारी ४.१५

शनिवारची अर्धी सुट्टी यातच गेली. हे ठरवलंय, बघा पटतंय का.

के म्हणजे क, कायम. सी म्हणजे त्स, कायम, पुढं काही असो. अशोकचौक यांचा दाताचा च डोक्यात बसलाय. पोलिश, चेक लोक हेच करतात, एस्परांतोत पण हेच. तेव्हा केलर के नं, कोठडी 'त्सेला' सीनं, शंभर मात्र सार्डिनियासारखा क घेऊन, 'केंतो', के नं. अनुस्वार, तुमचा इटालियन माणूस रुसला तर रुसू दे. एस-एच म्हणजे श. सी-एच नाही. क्यू, एक्स नाहीत. जोड व्यंजन लिहिलं तर इटालियनसारखं म्हणायचं. जर्मन शब्दात एकच लिहायचं. आघात उपान्त्य. त-ट वेगळे फक्त देवनागरीत.

नावाचं अजून सुचत नाही.

अनुस्वार | दुपारी ४.४०

सी सगळीकडे त्स, हे मला शेवटपर्यंत पटणार नाही. पण नियम सुसंगत आहे, हे मान्य.

जुनेखिळे | संध्याकाळी ५.०५

टोपी नाही. बरं झालं.

एक शंका. यात च कुठाय?

धोटा | संध्याकाळी ५.१२

कुठला च काका?

जुनेखिळे | संध्याकाळी ५.२०

टाळूचा. सी-एच तू काढलास, सी दाताला दिलास. तुझ्या भाषेत 'चादर' लिही बघू.

शेंगाचटणी | संध्याकाळी ५.२१

अरारारा. सोलापुरात बसून भाषा केली आणि चादर लिहिता येईना.

जर्मनताई | संध्याकाळी ५.३५

जर्मन लोक च लिहायला चार अक्षरं लावतात, टी-एस-सी-एच. आफ्रिकेतला चाड देश त्यांच्याकडे तसाच लिहितात. चादर लिहायची तर पट्टीच्या बाहेर जाईल.

धोटा | संध्याकाळी ६.००

टी-एस-एच केलं तर? त आणि श मिळून च.

काळाकोट | संध्याकाळी ६.१८

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिथं इंग्रजीत सी-एच आणि डी दोनदा, 'चद्दर'. तुमच्या नियमानं जोड व्यंजन इटालियनसारखं म्हणायचं, म्हणजे द्द खरंच म्हणावा लागेल.

अशोकचौक | संध्याकाळी ६.२५

आमच्या घरी चद्दरच म्हणतात.

धोटा | संध्याकाळी ६.३१

थांबा, खतावणी आणतो.